काळोख पाळायच्या रात्री

दांडबंदर,
ता. ६ ऑक्टोबर १९५७

रावजी व्याही यांस कोंडाजीचा रामराम.

एकवीरा आईची कृपा तुमच्यावर असो. आमची सध्या नाही, तेव्हा ती धरून चालू नका.

आमच्या धक्क्यावर उभा राहिलो तर खाडीपलीकडे तुमच्या दारात बांधलेली शेळी मला दिसते, आणि अशा माणसाला मी कागद लिहितो आहे. लोक हसतात. हसू देत. नारळी पौर्णिमेला दोन्ही गावं खाडीवर जमलेली असताना तुम्ही माझ्याकडे बोट करून ओरडलात, "ह्या कोंड्याशी पुन्यांदा तोंडानं बोलनार न्हाय!" तोंड मिटलंत, हात तर आहेत ना? खाडीत होडी घालणारा बुधाजी तरीवाला कागद आणून देईल. उत्तर त्याच्याकडेच द्या.

आमची सून केसर ज्येष्ठात बाळंतपणाला तुमच्याकडे माहेरी आली. आषाढात रंगू झाली. बारशाला आम्ही सगळे आलो, तुमच्या घरचं गोड खाल्लं. तिसरा महिना सरला की सून सासरी येते, ही रीत तुमच्या गावात आहे आणि आमच्याही. दसरासुद्धा होऊन गेला. अंबाजी बायकोला आणायला दोनदा खाडी ओलांडून आला आणि दोन्ही वेळा तुम्ही त्याला चहा पाजून परत धाडलंत. दुसऱ्या खेपेला वर म्हणालात म्हणे, "तुझ्या बापाला सांग, दिवा इझव, मंग पोर ने."

असं खरोखर म्हणालात का, ते लिहून कळवा. दिवा मच्छीमार सोसायटीनं ठराव करून धक्क्यावर बसवला आहे, माझ्या उशाशी नाही. त्याचा आणि सुनेचा संबंध काय? मुलगी तुम्ही आम्हाला दिली आहे, आमच्याकडून परत गहाण घेतलेली नाही. दिवाळीला नात माझ्या ओटीवर असली पाहिजे.

कोंडाजी


सुरवाडी,
ता. ८ ऑक्टोबर १९५७

कोंडाजी व्याही यांस,

रामराम घातला असं समजा.

म्हणालो. अंबाजी खोटं सांगत नाही, तो तुमच्यावर गेलेला नाही.

धक्क्यावर दिवा लागल्यापासून तुम्हाला बऱ्याच गोष्टींचा विसर पडला आहे, म्हणून सांगतो. भाद्रपद ते मार्गशीर्ष, अमावास्येच्या आगेमागे सुरवाडी काळोख पाळते. समुद्राकडच्या दारात दिवा नाही, होडीत विडी नाही. दिवाळीचा आकाशकंदीलसुद्धा आम्ही मागच्या दारी टांगतो. त्या रात्री बांगडा खाडीच्या तोंडाशी येतो आणि तो हलला की पाणी पेटतं. निळसर उजेड पाण्याच्या आतून येतो. टेकाडावर बसून मी तो बघतो आणि हाक देतो. त्या हाकेवर होडी जाळं टाकत फिरते आणि सगळं गाव वाळूत उभं राहून दोर ओढतं. माझा बाप हाक देत होता, त्याचा बाप देत होता. लहानपणी तुम्ही माझ्या बापाच्या शेजारी बसून हे पाहिलं आहे आणि भिऊन माझा हात धरला आहे.

गेल्या वर्षी होळीनंतर तुमचं इंजिन फटफटायला लागलं आणि खांबावर चार बल्ब लागले. तेव्हापासून खाडीचं तोंड रात्रभर ताकासारखं पांढरं दिसतं. त्यात पेटलेलं पाणी कुणी ओळखायचं? गेला हंगाम वाया गेला, हाही चालला आहे. गाव माझ्या तोंडाकडे बघतं.

मुलगी गहाण नाही. पण ज्या घरानं तिच्या माहेरच्या पोटावर पाय दिला, त्या घरात ती कुठल्या तोंडानं नांदेल?

दिवा विझवा.

रावजी


दांडबंदर,
ता. ११ ऑक्टोबर १९५७

रावजी व्याही यांस,

आधी तुमच्या अक्षराबद्दल. एका ओळीत तीन शब्द, अक्षरं चिंचोक्याएवढी, ओळी एकमेकींवर चढलेल्या. आपण एकाच मास्तरच्या छड्या खाल्ल्या. तेव्हा तुमचं अक्षर शाळेत पहिलं होतं आणि माझ्या पाठीवर तेच सांगून छड्या पडायच्या. कागद माझ्या अंगावर फेकल्यासारखा लिहिला की माझा अपमान होईल, असा तुमचा हिशेब असेल तर तो बरोबर आला.

आता तुमच्या काळोखाबद्दल. माझा धाकटा भाऊ मोरू ह्याच काळोखात गेला. अमावास्या होती. खाडीच्या तोंडाशी खडकावर त्याची होडी फुटली, आणि तुमच्या गावात एका दारात दिवा नव्हता. कारण काय, तर सुरवाडी काळोख पाळत होती! एक कंदील दिसला असता तरी किनारा कुठे ते त्याला कळलं असतं. सकाळी आम्ही त्याला तुमच्याच वाळूतून उचलला. तेव्हापासून मनात होतं की ह्या तोंडावर दिवा लावीन. लावला. त्यानंतर दांडबंदरचा एकही माणूस खडकावर गेलेला नाही. तुमचा बांगडा मोठा की माझा भाऊ, एवढंच सांगा.

शिवाय दिव्याखाली मासळी आपण होऊन येते. आमची पोरं धक्क्यावर बसून झोळीनं काढतात. बर्फाच्या लॉऱ्या रात्रीच भरतात आणि माल सकाळी मुंबईच्या बाजारात असतो. पेपरात आलंय, रशियानं आभाळात नवा चंद्र सोडला. आणि तुम्ही आकाशकंदील मागच्या दारी टांगता! पहिल्या दिवाळीला केसरनं आमच्याकडेही मागच्याच दारी टांगला होता. तिच्या सासूला, सोनूबाईला, वाटलं, पोरीनं अपशकुन केला. मी तिची समजूत घातली, की पोर साधी आहे, दोष बापाचा आहे.

दिवाळीपर्यंत सून घरी आली नाही तर आम्ही पंच बसवून काडीमोड मागू. अंबाजी नको म्हणतो. त्याला विचारतो कोण?

कोंडाजी


सुरवाडी,
ता. २६ ऑक्टोबर १९५७

कोंडाजी व्याही यांस,

दिवाळी झाली. तुम्ही चाराचे सहा बल्ब केलेत, तेही ऐन अमावास्येला. सणासाठी केलेत की मला खिजवायला, ते तुम्हाला ठाऊक. आमच्या जाळ्यात शेवाळ आलं आणि एक फुटकी घागर.

मोरूबद्दल तुम्ही लिहिलंत. तो कागद आला त्या दिवसापासून घास गोड लागलेला नाही. ऐका तर मग. त्या रात्री मी टेकाडावर होतो. होडी खडकाकडे येते आहे हे मला दिसलं, कारण वल्हं पडत होतं तिथे तिथे पाणी पेटत होतं. मी हाक दिली. घशातून रक्त येईपर्यंत दिली. वारा उलटा होता, माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. तुमच्या भावाला शेवटचं मी पाहिलं, आणि ते काळोख होता म्हणून. बांगडा मोठा की भाऊ, हा प्रश्न मला पुन्हा विचारू नका.

दिव्याखाली आपण होऊन मासळी येते म्हणता. झोळीत हात घालून बघा एकदा, बोटाएवढी पिल्लं असतात. दिव्याला भुलून येतात आणि तुम्ही ती वाढायच्या आधीच उपसता. फाल्गुनात तुमच्या वाळूतून कासवाची पिल्लं निघतात. रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतो, म्हणून उजेडाकडे चालायचं एवढंच त्यांना कळतं. आता ती पाण्याकडे पाठ करून तुमच्या धक्क्याकडे चालतात आणि लॉरीच्या चाकाखाली जातात. केसर पोटुशी असताना पहाटे ती पदरात गोळा करून पाण्यात सोडत होती. ही बाई अशा दिवसांत वाळूत काय करते, असं तुमच्या घरात कुणी विचारलं का?

काडीमोडाची धमकी मला देऊ नका. पंच बसवा, मी येतो. पण हिंमत असेल तर आधी एक पैज घ्या. कार्तिकी अमावास्येला रात्रभर दिवा बंद ठेवा. माझी हाक आणि आमचं जाळं. जाळं भरलं तर काळोख पाळायच्या रात्री तुमचा दिवा कायमचा बंद, आणि केसरला मी स्वतः तरीत बसवून देतो. जाळं रिकामं आलं तर दिवा तुमचा, मुलगीही बिनशर्त तुमच्या घरी, आणि दिव्याबद्दल पुन्हा अक्षर काढणार नाही.

रावजी


दांडबंदर,
ता. ३० ऑक्टोबर १९५७

रावजी व्याही यांस,

पैज मान्य.

हाक दिलीत म्हणता. मोरूला ती ऐकू गेली नाही. म्हणजे तुमच्या हाकेचा उपयोग किती, ते त्याच रात्री ठरलं. दिवा ऐकावा लागत नाही, तो दिसतो.

माझी एक अट आहे. बुधाजीनं सांगितलं की माझी सून रात्री टेकाडावर तुमच्या शेजारी बसते, तान्ह्या रंगूला मांडीवर घेऊन. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओली बाळंतीण ती, आणि त्या खाऱ्या वाऱ्यात, खडकावर! तुम्हाला सोबत हवी असेल तर कुत्रं पाळा. ज्या रात्री आमचा दिवा विझेल, त्या रात्री केसर आणि रंगू घरात असतील, दार लावून. बुधाजी तुमच्या ओटीवर बसून राहील आणि मला सांगेल. दोघींपैकी कुणी उंबरा ओलांडला तर पैज तुम्ही हरलात.

बाप-आजे हाक देत आले म्हणून मिरवता ना? मग द्या एकट्यानं.

कोंडाजी

ता. क. तुमचं अक्षर आणखी मोठं झालं आहे. पुढच्या वेळी भिंतीवर लिहा, मी धक्क्यावरून वाचेन.


सुरवाडी,
ता. ४ नोव्हेंबर १९५७

कोंडाजी व्याही,

अट मान्य. केसर घरात राहील.

हाक माझी आहे, मुलीची नाही.

रावजी


दांडबंदर,
ता. २३ नोव्हेंबर १९५७

रावजी व्याही यांस,

आम्ही शब्द पाळला. इंजिन बंद, दिवा बंद, घराघरांतले कंदील पोत्यांनी झाकले. सोनूबाई काळोखात ओटीवरून पडली आणि गुडघा सुजवून बसली आहे.

अंबाजी खांबावर चढला होता. वरून ओरडला, "बाबा, पानी पेटलं!" मीही शिडीनं चढलो. रावजी, खाडीच्या तोंडापासून तुमच्या खडकापर्यंत पाणी पेटलं होतं. एवढा थवा मी एकदाच पाहिला होता, लहानपणी, तुमच्या बापाच्या शेजारी. तुमची होडी तयार होती, माणसं दोराला उभी होती, आणि तुमची हाक नाही! थवा तुमच्या टेकाडाखालून सरकत गेला तरी नाही. अंबाजी खांबावरून बोंबलत होता, "डावीकडं, डावीकडं," पण एवढ्या लांब ऐकू जातंय कुणाला? शेवटी एकदाची हाक दिलीत ती उजवीकडची. जाळं रिकामं गेलं.

आमच्या धक्क्यावर लोक टाळ्या पिटून हसले. मी जिंकलो आणि मला हसू आलं नाही. मला चीड आली. ज्या जागेवर तुमचा बाप बसत होता तिथे बसून तुम्ही झोपला होता, की पिऊन पडला होता? पैज हरायचीच होती तर माझ्या बायकोचा गुडघा का फोडलात? काय ते लिहून कळवा, दोन्ही गावांना वाचून दाखवतो.

दत्तजयंतीला केसर आणि रंगूला तरीत बसवा. दिवा कालपासून पुन्हा लावला आहे.

कोंडाजी


सुरवाडी,
ता. २५ नोव्हेंबर १९५७

कोंडाजी व्याही,

प्यायलो होतो.

लिहून मागितलंत, लिहून दिलं. दोन्ही गावांना वाचून दाखवा.

केसर आणि रंगू दत्तजयंतीला येतील. दिव्याबद्दल पुन्हा अक्षर काढणार नाही. तुमच्याशी वैर मात्र ठेवतो, ते पैजेत नव्हतं.

रावजी


सुरवाडी,
ता. २६ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप मामांस केसरचा नमस्कार.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. तुम्हीही त्यांना सांगू नका. सांगितलंत तर मी तुमच्या घरी येईन, पण तुमच्याशी बोलणार नाही. आमच्या घराण्यात ते जमतं, हे तुम्हाला माहीत आहे.

बाबा त्या रात्री प्यायले नव्हते. बाबांना दिसत नाही.

ज्येष्ठात मी आले तेव्हा ते आपल्याच उंबऱ्याला अडखळले. जेवताना ताटातला मासा बोटांनी शोधायचे. आई आणि मी त्यांना अलिबागला घेऊन गेलो, गावात सांगितलं की देवदर्शनाला जातो. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेलीही फार टिकणार नाही.  परत येताना एसटीत घर जवळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, "गावाला कळू देऊ नको. दिसत न्हाय म्हनल्यावर टेकाडावर बसवल कोन मला?"

तेव्हापासून मी शेजारी बसते. पेटलेलं पाणी वाचायला त्यांनीच मला शिकवलं, मी परकर नेसायची तेव्हा. मी कानाशी पुटपुटते, ते ओरडतात. रंगूला घेऊन वाऱ्यात बसायची मला हौस नव्हती, मामा. ती अंगावर पिते, तिला ठेवणार कुणाकडे?

तुमच्या अटीचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. मी म्हटलं, अट मोडा. तर म्हणाले, "आनि लिहू काय? आंधळा झालो म्हनून?" त्या रात्री बुधाजीकाका ओटीवर आणि मी दार लावून आत. खिडकीच्या फटीतून मला पाणी दिसत होतं आणि बाबांची हाक येत नव्हती. मला तुमचा राग आला. बाबांचाही आला. तुम्हा दोघांना एका होडीत घालून सोडून द्यावं असं वाटलं.

मला कुणी अडवलं नव्हतं, मीच परत आले नाही. दिवा विझव मग पोर ने, हे बाबांनी ऐनवेळी काढलं, कारण खरं कारण ह्यांना सांगता येईना. मीही ते चालू दिलं. तेवढ्यात हंगाम निघून गेला असता.

पण आपण जिंकलो असं तुम्ही मुळीच समजू नका. दिवा असतो तेव्हा माझ्या धड डोळ्यांनाही खाडीच्या तोंडाशी काही दिसत नाही. बाबांची नजर तुमच्या दिव्यानं नेली नाही, पण आमच्या सगळ्यांची नेली. आणि दिव्याखाली पहिल्या वर्षी जेवढी मासळी येत होती तेवढी आता येत नाही, लॉऱ्या अर्ध्या रिकाम्या जातात, हे तुम्ही बाबांना लिहिलं नाहीत. मला ह्यांनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका.

मोरूकाकांसाठी तुम्ही दिवा लावलात, तो कायमचा विझवा असं मी म्हणत नाही. परतणाऱ्या होड्यांत माझा नवराही असतो. पण जाळं ओढेपर्यंत तरी विझवता येईल की नाही? दत्तजयंतीला मी येते. मी आले की बाबांच्या कानाशी कुणी उरणार नाही. तेवढं बघा.

आपली सून
केसर


दांडबंदर,
ता. २ डिसेंबर १९५७

रावजी व्याही यांस,

रामराम लिहायची माझी इच्छा नाही. सोनूबाई लिहा म्हणते म्हणून हा रामराम.

तुमच्या दारूचं पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही. व्याही पितो हे सांगण्यात माझीच शोभा होते.

पण पिणाऱ्या माणसाला टेकाडावर एकट्याला बसू देणं बरं नाही. तुम्ही वरून पडलात तर माझ्या सुनेला सुतक, आणि ती पुन्हा माहेरी. म्हणून काळोख पाळायच्या रात्री अंबाजीला तुमच्याकडे धाडणार आहे. इथे त्याचा काही उपयोग नाही. त्या रात्रीपासून सारखा खांबावर चढून पाण्याकडे बघत बसतो, खालून हाक मारली तर ओ देत नाही. त्याला शेजारी बसवून घ्या. ठोंब्या आहे. काय दिसतं ते तुमच्या कानाशी सारखं बडबडत राहील, तुमचं डोकं उठेल. उठू दे. जावई तुम्ही पसंत केलात.

दुसरं, आमचं इंजिन बिघडलं आहे. तेलही फार पितं, तुमच्यासारखंच. काळोख पाळायच्या रात्री ते चालवणार नाही. हे तुमच्यासाठी नाही, इंजिनासाठी आहे. मात्र जाळं वाळूत आलं की टेकाडावर पेटता पलिता दाखवायचा. पलिता दिसला की मी दिवा लावणार आणि शेवटची होडी घरी येईपर्यंत ठेवणार. ते मोरूसाठी. त्यात हयगय केलीत तर बल्ब तुमच्या दारात आणून टांगीन, तेही पुढच्या.

पैज तुम्ही हरलात. ती हरलेलीच आहे, हे विसरू नका.

कोंडाजी


सुरवाडी,
ता. २३ डिसेंबर १९५७

कोंडाजी व्याही यांस,

हे पत्र अंबाजीच्या हातचं आहे. मी सांगतो, तो लिहितो. मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही असा दम दिला आहे. माझं अक्षर तुम्हाला आवडत नव्हतं, आता तुमच्या पोराचं वाचा.

तुमच्या पोराला पुटपुटता येत नाही. परवा टेकाडावर त्याला शेजारी घेतला आणि बजावलं, हळू बोल. पाणी पेटल्याबरोबर हा ओरडला, "मामा, डावीकडं! आनखी डावीकडं!" खाली वाळूत सगळ्या गावानं आधी त्याची हाक ऐकली आणि मग माझी. दोराला उभ्या असलेल्या माणसांना काय ते कळलं. मी मनात म्हटलं, संपलं. खालून दोर धरून उभ्या असलेल्या गोदूबाईचा आवाज आला, "दोघांतलं कुनी बी सांगा, पन लवकर सांगा, हात गारठलं!" मग आम्ही दोघांनीही सांगितलं. जाळं ओढता ओढेना. तुमच्या वाटणीची टोपली बुधाजीकडे दिली आहे. उपकार म्हणून दिलेली नाही, जावयाच्या मजुरीची आहे.

केसरनं तुम्हाला लिहिलं, हे मला तुमचं पत्र ऐकतानाच कळलं. शिव्या होत्या, पण चव नव्हती. आणि तुमचं बिघडलेलं इंजिन पलिता दाखवला की बरोबर चालू होतं. तिला काही बोलू नका. मीही बोललेलो नाही.

प्यायलो नव्हतो. तेवढं परत घेतो. बाकी काही परत घेत नाही. रंगूला बघायला मी संक्रांतीला येईन. तिच्याशी बोलेन, केसरशी बोलेन, तुमच्याशी बोलणार नाही. शपथ ती शपथ.

आता दिव्याचं. अक्षर काढणार नाही म्हणालो होतो, पण हे अंबाजी काढतो आहे. पेटलेलं पाणी मला दिसत नाही. चांदण्या दिसत नाहीत. रंगूचं तोंड मी हातानं बघून घेतलं, ती निघाली त्या दिवशी. दिसतो तो फक्त तुमचा दिवा, भोवती रंगीत कडं घेऊन. गेली दोन वर्षं मी त्याला शिव्या देत राहिलो, आणि तेवढ्यात आजूबाजूचं एकेक करून गेलं आणि तो राहिला. परवा जाळं वाळूत आल्यावर अंबाजीनं पलिता दाखवला आणि मी तुमच्या दिशेला तोंड करून बसलो. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, हेही गेलं. मग तुम्ही लावलात.

तेव्हा पलिता दिसला की लगेच लावत जा. उशीर करू नका.

रावजी